बरोबरीच्या चिन्हात शेती मावत नाही



खरीप तोंडावर आला की गावोगाव मेळावे भरतात. मंडप पडतो, नारळ फुटतो, साहेब येतात, पडद्यावर तक्ता लागतो. कापूस एकरी इतके क्विंटल, भाव इतका, खर्च इतका, निव्वळ नफा वीस हजार. ज्वारीचा नफा दहा हजार. म्हणजे दहा एकर ज्वारीला एक लाख आणि दहा एकर कापसाला दोन लाख. हिशेब सोपा आहे, टाळ्याही पडतात. आणि शेतकरी घरी जाऊन चार एकर कापूस आणि सहा एकर ज्वारीच करतो. मग पुढच्या मेळाव्यात भाषण होते की शेतकरी परंपरेला चिकटून आहे, धाडस करीत नाही, त्याला शेतीचे गणित कळत नाही.

माझे म्हणणे नेमके उलटे आहे. शेतकऱ्याचे गणित बरोबर आहे, तक्त्याचे चूक आहे. हे मी जातभाईच्या मायेने म्हणत नाही, आकड्याने दाखवून देतो. शेतकीची पदवी माझ्याकडेही आहे, तो तक्ता मीही पाठ केलेला आहे. तो कुठे फुटका आहे हे मला ठाऊक आहे.

तक्त्यात काय नसते

तक्त्यात सगळीकडे एकच चिन्ह असते, बरोबरीचे. उत्पन्न वजा खर्च बरोबर नफा. शेतकऱ्याच्या आयुष्यात बरोबरीचे चिन्ह फार क्वचित येते. त्याच्या तोंडी येणारी वाक्ये बघा. "दहा एकरांच्या वर जमीन नाही." "नव्वद हजारांच्या वर पैसा उभा राहत नाही." "जनावरांना तीस क्विंटलांपेक्षा कमी कडबा चालणार नाही." ही वाक्ये 'इतकेच आहे' असे सांगत नाहीत. 'यापेक्षा जास्त नाही' आणि 'यापेक्षा कमी नाही' असे सांगतात.

बीजगणितात यालाच असमानता म्हणतात. 'पेक्षा जास्त नाही' याचे चिन्ह ≤, 'पेक्षा कमी नाही' याचे चिन्ह ≥. बारावीच्या गणितात तुमची मुले हेच शिकतात, फक्त तिथली उदाहरणे कारखान्यातल्या खुर्च्या-टेबलांची असतात. मास्तरांनी खुर्चीच्या जागी कापूस आणि टेबलाच्या जागी ज्वारी ठेवली, तर पोरगे घरी येऊन बापाशी दोन शब्द कामाचे बोलेल.

हे शास्त्र काही गरीब शास्त्र नाही. १९३९ मध्ये रशियात लेनिनग्राडच्या प्लायवूड कारखान्यासाठी कांटोरोविच यांनी ते मांडले. १९४७ मध्ये अमेरिकेत डँट्झिग यांनी ते सोडवण्याची रीत काढली. अमेरिकेतील आयोवा स्टेट विद्यापीठात अर्ल हेडी यांनी ते शेतीला लावले. कांटोरोविच आणि कूपमन्स यांना १९७५ चे नोबेल याच कामाबद्दल मिळाले. मोठमोठ्या कंपन्या आपला कच्चा माल, गाड्या आणि कामगार याच हिशेबाने लावतात. मग दहा एकरांच्या मालकाला बरोबरीच्या चिन्हाचा फुटका तक्ता का?

दहा एकरांचा कागद

आता एक नमुना करू. खाली दिलेले आकडे नमुन्याचे आहेत, प्रत्येकाने आपले घालावेत. रीत मात्र तीच राहील.

बार्शीकडचे दहा एकर काळे रान, सगळे कोरडवाहू. कापूस जूनअखेर पेरायचा, तो डिसेंबरपर्यंत रान सोडत नाही. रब्बी ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात मुरलेल्या ओलीवर पेरायची, त्यासाठी रान पावसाळाभर मोकळे ठेवायचे. म्हणजे एका वर्षात एका एकरात दोन्हीपैकी एकच. कापसाच्या एकरांना क म्हणू, ज्वारीच्या एकरांना ज.

पहिली अट जमिनीची: क + ज ≤ १०.

दुसरी अट नगद पैशाची. कापसाचा पहिला पैसा हाती येण्याआधी बियाणे, खत, फवारणी, खुरपणी यांना कापसाच्या एकराला १५,००० लागतात, ज्वारीच्या एकराला ५,०००. घरचे आणि सोसायटीचे मिळून ९०,००० उभे राहतात. म्हणून १५,०००क + ५,०००ज ≤ ९०,०००. सगळ्याला पाच हजाराने भागले की ३क + ज ≤ १८.

तिसरी अट हाताची. ऑक्टोबर ते डिसेंबर कापसाची वेचणी आणि ज्वारीची पेरणी-कोळपणी एकाच वेळी येते. एक बाई दिवसाला पंचवीस किलो वेचते असे धरले, तर सहा क्विंटलांच्या एकराला २४ दिवस लागतात. ज्वारीला याच काळात ६ दिवस. घरचे आणि गावात मिळणारे मिळून १८० दिवस. म्हणून २४क + ६ज ≤ १८०.

चौथी अट दावणीची. बैलजोडी आणि एक गाय, दिवसाला अठरा किलो कडबा, उन्हाळ्यापासून नवे गवत येईपर्यंतचे साडेपाच महिने: सुमारे तीस क्विंटल. एकरी दहा क्विंटल कडबा धरला तर ज ≥ ३. घरच्या सहा माणसांच्या भाकरीला दहा क्विंटल ज्वारी पुरते, एकरी पाच क्विंटल धरली तर त्याला दोनच एकर लागतात. म्हणजे माणसापेक्षा दावण जास्त रान मागते. हे तक्ता लिहिणाऱ्याला माहीत नसते, कारण त्याच्या तक्त्यात कडबा शेवटच्या ओळीत 'इतर उत्पन्न' म्हणून येतो.

नफा? कापूस सहा क्विंटल, ७,००० भावाने ४२,०००. त्यातून १५,००० आधीचे, ६,००० वेचणीचे, १,००० गाडीभाडे-हमालीचे वजा जाता २०,००० उरतात. ज्वारी पाच क्विंटल, ३,००० भावाने १५,०००, कडबा ५,०००, एकूण २०,०००. त्यातून पेरणीचे ५,००० आणि काढणी-मळणीचे ५,००० वजा जाता १०,०००.

आता साहेबांचा सल्ला तपासू. दहा एकर कापसाला दीड लाख नगद पाहिजे, आहेत नव्वद हजार. २४० दिवस वेचणी पाहिजे, आहेत १८०. आणि दावणीला कडब्याची एक पेंढी नाही. तीन अटी मोडल्या. ज्या सल्ल्यात शेतकऱ्याच्या चारांपैकी तीन अटी मोडतात तो सल्ला नव्हे, ती थट्टा आहे.

मग अटी पाळून जास्तीत जास्त किती? आलेखाच्या कागदावर आडव्या रेघेवर कापूस आणि उभ्या रेघेवर ज्वारी घ्या. प्रत्येक अटीची एक सरळ रेघ पडते. ती रेघ म्हणजे बांध. चारी बांधांच्या आत जे रान उरते तेवढेच तुमचे. या शास्त्राचा मोठा नियम असा की, सर्वांत जास्त नफा त्या रानाच्या कुठल्यातरी कोपऱ्यावर असतो. म्हणून कोपरे तेवढे तपासायचे. सगळी ज्वारी: एक लाख. पाच एकर कापूस, तीन एकर ज्वारी: नगद संपली, दोन एकर पड, नफा १,३०,०००. आणि जिथे जमिनीचा आणि पैशाचा बांध एकमेकांना मिळतात तो कोपरा: चार एकर कापूस, सहा एकर ज्वारी, नफा १,४०,०००. याच्या वर काही नाही.

चार आणि सहा! ज्याला मेळाव्यात अडाणी ठरवले त्याने कागद-पेन्सिल न घेता नेमका हाच कोपरा गाठला होता.

पैशाची किंमत आणि एकराची किंमत

इथपर्यंत शेतकऱ्याची बाजू राखली. आता यातून आंदोलनाच्या उपयोगाचे काय निघते ते बघा.

या कोपऱ्यावर दोन बांध टोचतात: जमीन आणि नगद. मजुरीचा बांध टोचत नाही, कारण १८० पैकी १३२ दिवसच लागले, ४८ शिल्लक आहेत. आता नगद दहा हजाराने वाढवा. एक लाख झाले की पाच एकर कापूस आणि पाच एकर ज्वारी बसते, नफा १,५०,०००. म्हणजे वेळेवर मिळालेल्या दहा हजारांनी मुद्दल फेडून वर आणखी दहा हजार कमावून दिले. रुपयाला रुपया! ही जूनमधल्या पैशाची खरी किंमत.

शेतकरी शेकडा पाच रुपये महिन्याने पैसे का उचलतो याचे उत्तर इथे आहे. सहा महिन्यांचे व्याज तीन हजार होते, कमाई दहा हजारांची दिसते. तो उधळपट्टीमुळे सावकाराच्या दारात जात नाही, लग्नकार्यामुळे तर नाहीच नाही. बँकेचा पैसा जूनऐवजी ऑगस्टात आला म्हणून जातो. ऑगस्टात आलेल्या कर्जाची किंमत या कागदावर शून्य आहे, कारण तोवर कापसाची पेरणी उलटून गेलेली असते. कर्ज 'किती वाटले' याचे आकडे बैठकीत वाचून दाखवणाऱ्यांना विचारा, पंधरा जूनच्या आत किती वाटले ते सांगा.

आता जमीन एक एकराने वाढवून बघा. नगद तेवढीच असेल तर साडेतीन एकर कापूस आणि साडेसात एकर ज्वारी येते, नफा १,४५,०००. म्हणजे वाढीव एकराची किंमत अवघी पाच हजार. कोणी सात-आठ हजार खंडाने रान देतो म्हणाला तर हात जोडा. पैशाचा बांध टोचत असताना रान वाढवणे हा तोट्याचा व्यवहार आहे.

आणि मजुरी वाचवणाऱ्या यंत्राची किंमत? या शेतकऱ्याला या वर्षी शून्य. ४८ दिवस शिल्लक असताना आणखी दिवस वाचवून काय करायचे? अवजारांच्या अनुदानाचे फलक चौकाचौकात लागतात, पण जो बांध टोचतच नाही तो सरकवून शेतकऱ्याच्या पदरात काही पडत नाही.

वाईट वर्षाची रेघ

सोलापूरला सरासरी सुमारे सातशे मिलिमीटर पाऊस पडतो असे सांगतात. सरासरी पावसावर पीक येत नाही. ऑगस्टात महिनाभर खंड पडून सप्टेंबरअखेर ढगफुटी झाली तरी सरासरी तीच राहते. म्हणून कागदावर आणखी एक रेघ पाहिजे, जी कुठल्याच तक्त्यात नसते: वाईट वर्षीही घर उभे राहिले पाहिजे.

वाईट वर्षी कापूस एकरी दीड क्विंटल आला तर एकरी सुमारे सहा हजार खिशातून जातात. ज्वारी निम्मी आली तरी कडब्यासकट दोन हजार हाती देते. हे घर फार तर वीस हजारांचा तोटा सोसू शकते असे धरा. चार-सहाच्या पेऱ्यात तोटा बारा हजार. पाच-पाचच्या पेऱ्यात बरोबर वीस हजार, म्हणजे बांधावर पाय. साहेबांच्या दहा एकर कापसात साठ हजार. आणि पाच-पाचचा पेरा सावकाराच्या पैशावर केला असेल तर व्याजाचे तीन हजार मिळून तेवीस हजार, रेघ ओलांडली. चांगल्या वर्षी शहाणपणाचे दिसणारे कर्ज वाईट वर्षी घर बुडवते ते असे. सोसायटीच्या सात टक्क्यांनी तेच व्याज साडेतीनशे होते. अडीच हजारांवरचा हा फरक कागदावर लहान दिसतो. ज्या घरांनी ही रेघ ओलांडली तिथे पुढे काय झाले, ते आपण गावोगाव पाहिले आहे.

पीकविम्याचे काम ही रेघ मागे सरकवण्याचे आहे. हप्ता वजा जाता वाईट वर्षी कापसाच्या एकराला तीन हजार वेळेवर हाती पडले, तर पाच-पाचच्या पेऱ्यातला तोटा वीस हजारांवरून पाच हजारांवर येतो. मग शेतकरी बिनघोर पाऊल पुढे टाकतो आणि साडेसहा एकरांच्या थोडे पुढे गेल्यावर वेचणीच्या बायांचा बांध टोचायला लागतो. यंत्राची पाळी तेव्हा येते, आधी नाही. एक बांध सरकवला की पुढचा टोचतो, म्हणून क्रम महत्त्वाचा.

शिरापूर आणि कळमणने हे केव्हाच सांगितले

हे मी नवीन सांगतो आहे असे कोणी समजू नये. १९७५ पासून पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेने आपल्याच जिल्ह्यातील शिरापूर आणि कळमण या गावांत, तसेच अकोला आणि महबूबनगर जिल्ह्यांतील गावांत, घरोघरचा हिशेब वर्षानुवर्षे टिपला. माणसे गावात राहून लिहीत होती. पेरा, मजुरी, कर्ज, कडबा, सगळे. या अभ्यासाच्या खेड्यांत हान्स बिन्सवांगर यांनी शेतकऱ्यांसोबत खरे पैसे लावून नाणेफेकीचे खेळ मांडले आणि धोका पत्करण्याची कोणाची किती तयारी आहे ते मोजले. निष्कर्ष १९८० मध्ये छापला गेला. गरीब शेतकऱ्याचा आणि बऱ्यापैकी शेतकऱ्याचा स्वभाव फारसा वेगळा निघाला नाही. शेतीत पैसा घालण्यात जो फरक पडतो तो कर्ज, बाजार, माहिती अशा बाहेरच्या अडचणींनी पडतो.

म्हणजे जगभरच्या विद्यापीठांत आपल्या जिल्ह्यातल्या गावांचे दाखले देऊन शिकवले जाते की शेतकऱ्याला त्याचा स्वभाव अडवत नाही, बांध अडवतात. आणि त्याच जिल्ह्यातल्या मेळाव्यात शेतकऱ्याचा स्वभाव बदलण्याची भाषणे होतात!

न्यायाचे बोलायचे तर शास्त्रज्ञांनी जेव्हा 'पेक्षा' लावून सांगितले तेव्हा शेतकऱ्याने लगेच ऐकले. सोलापुरात कोरडवाहू संशोधन १९३३ पासून चालू आहे. हलक्या रानाला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा, ही शिफारस मातीची खोली विचारते, म्हणून ती रानात उतरली. वाद शास्त्राशी नाही. वाद 'सर्वांसाठी एकच पेरा' सांगणाऱ्या तक्त्याशी आहे.

सरकारला कोणते चिन्ह आवडते

आता सरकारच्या कागदावरची चिन्हे मोजा. कोरडवाहू जमीन ५४ एकरांपेक्षा जास्त नाही, हा सीलिंगचा कायदा. हमीभावाच्या खरेदी केंद्रावर कापसात ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव, १२ पर्यंत कपात, त्यापुढे गाडी माघारी. भाव वर जायला लागला की आयात. कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये माफ केले आणि ती माफी नव्या कापसाच्या हंगामात ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली. कांद्यावर डिसेंबर २०२३ ते मे २०२४ निर्यातबंदी होती, सोलापूरच्या बाजाराने ती सोसली. ही सगळी ≤ ची चिन्हे आहेत. त्यांच्या राखणीला कायदा आहे, यंत्र आहे, अधिकारी आहे.

शेतकऱ्याच्या बाजूचे चिन्ह एकच, 'किमान' आधारभूत किंमत. किमान म्हणजे ≥. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१०, मालदांडी ज्वारीला ३,७४९. या चिन्हाच्या राखणीला कोण आहे? ज्वारीच्या ढिगाजवळ सरकारी ग्राहक उभा नसेल तर ≥ हे चिन्ह कागदावरची शाई राहते आणि आडतीत भाव त्याच्या खाली सुटतो. ओलावा मोजायला यंत्र आहे, भाव मोजायला का नाही?

भाव वाढला तर शेतकरी धान्य सोडून सगळीकडे कापूसच लावेल, असा एक बागुलबुवा दिल्लीतून दाखवतात. आपल्या कागदावर बघा. कापसाला क्विंटलमागे हजार रुपये वाढवले तर या घरात चोवीस क्विंटलांचे चोवीस हजार जास्त येतात, आणि पेरा? चार आणि सहाच! कारण पेरा नगदीच्या बांधाने धरून ठेवला आहे. उलट भाव ५,३३३ च्या खाली गेला की कापसाचा नफा ज्वारीपेक्षाही कमी होतो आणि चारही एकर कापूस मोडायची पाळी येते. वाढीव भावाने धान्य बुडत नाही, पडलेल्या भावाने कापूस बुडतो.

वीस मागण्यांचे निवेदन

शेवटी चार शब्द आपल्याच घरात. आपण जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन देतो, त्यात वीस मागण्या असतात. वीसपैकी सोप्या दोन मान्य होतात, फोटो निघतो आणि जो बांध टोचत होता तो तिथेच राहतो. स्प्रे पंप मिळाला म्हणून आपण विजय साजरा करतो. ज्या मागणीची किंमत कागदावर शून्य निघते ती पदरात पाडून घेणे हा विजय नव्हे, ती बोळवण आहे.

कोणी म्हणेल, प्रत्येकाचे बांध वेगळे, मग मागणी एक कशी होणार? म्हणूनच मोजायचे. एका गावात पन्नास घरांनी आपला कागद केला आणि त्यातल्या चाळीस घरांना जूनची नगद टोचते असे निघाले, तर त्या तालुक्याची मागणी ठरली. दुसऱ्या तालुक्यात विम्याची रेघ टोचत असेल तर तिथली पहिली मागणी ती. भावाची मागणी सगळ्यांची, कारण ती प्रत्येक क्विंटलावर लागू होते.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने किमान दहा घरांचे कागद आणावेत. जमीन किती, पंधरा जूनला हातात नगद किती, वेचणीला हात किती, दावणीला कडबा किती, वाईट वर्षी किती तोटा सोसेल: पाच ओळी पुरेत. बारावीला असलेल्या पोरीला किंवा पोराला बरोबर आणा, रेघा ती मारतील. आकडे आपल्या माणसांना विचारून लिहा, मेळाव्याच्या तक्त्यातून उतरवू नका. बायांना विचारल्याशिवाय मजुरीची आणि कडब्याची ओळ भरू नका, तो हिशेब त्यांच्याकडे असतो.

मग बघू, गणित कोणाला येत नाही ते.